कानिझाचा चौकोन: भासमान कडांची कार्डे बनवण्याची आणि त्यांवर निरीक्षणे घेण्याची पद्धत

पांढऱ्या कागदावर चार काळ्या चकत्या असतात. प्रत्येक चकतीतून चतकोर भाग कापलेला असतो आणि चारही खाचांची तोंडे आत, एकमेकींकडे वळलेली असतात. मधल्या जागेत कुणी काहीही काढलेले नसते, तरी तिथे एक पांढराशुभ्र चौकोन चकत्यांवर अलगद ठेवल्यासारखा दिसतो, आणि त्याची कड एका चकतीपासून दुसऱ्या चकतीपर्यंत कोऱ्या कागदावरून सरळ गेलेली दिसते. या कडेला या लेखात भासमान कड म्हटले आहे. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझा यांनी १९५५ मध्ये मांडलेला त्रिकोण हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. येथे मात्र त्रिकोणाऐवजी चौकोन घेतला आहे, कारण ९० अंशांचा कोन गुण्याने पटकन आणि बिनचूक साधतो आणि खाचा जुळल्या आहेत की नाहीत हे डोळ्यांनाही लगेच कळते.

विज्ञान प्रदर्शनासाठी आणि मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी हा प्रयोग विद्यार्थी मोठ्या हौसेने करतात, पण तो दोन ठिकाणी पुन्हा पुन्हा फसतो. पहिले ठिकाण कागदाचे आहे: जिथे काहीच नसायला हवे तिथे पेन्सिलची रेघ, चिकटवलेल्या कागदाची धार किंवा दाबाचा वळ राहून जातो, आणि मग पाहणाऱ्याला दिसणारी कड खरोखरच तिथे असते. दुसरे ठिकाण तुलनेचे आहे: एकच चित्र दाखवून “चौकोन दिसतो का?” असे विचारले जाते, समोरचा “दिसतो” म्हणतो आणि प्रयोग तिथेच संपतो. एवढ्यावरून कड दिसली की नुसता आकार ओळखला गेला, हे कळण्याचा काहीच मार्ग उरत नाही. पुढील टप्पे या दोन चुका टाळण्यासाठी आखलेले आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

कात्री हातात घेण्यापूर्वी: ओळखणे आणि दिसणे

ठिपक्यांच्या रांगोळीत चार ठिपके चौकोनी मांडले की आपण त्यांना चौकोन म्हणतो. ठिपक्यांच्या मधली रेघ अजून ओढायची आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते आणि ती रेघ आपल्याला दिसतही नाही. ठिपके एका गटात बसले, एवढेच घडलेले असते. कानिझाच्या चौकोनात याहून अधिक काही घडते. मधली जागा एक वेगळा पृष्ठभाग होऊन पुढे येते, तो पृष्ठभाग भोवतालच्या कागदापेक्षा किंचित उजळ भासतो, कापलेल्या चकत्या कापलेल्या न वाटता त्या पृष्ठभागाखाली दडलेल्या पूर्ण चकत्या वाटतात, आणि कोऱ्या कागदावर कड दिसते. ठिपक्यांचा चौकोन आणि हा चौकोन यांतील फरक पाहणाऱ्याच्या उत्तरांतून वेगळा काढता आला, तरच प्रयोग झाला असे समजावे. साहित्य, कार्डे आणि प्रश्न या सगळ्यांची रचना याच एका कामासाठी आहे.

टप्पा १: साहित्य आणि मापे

साधा पांढरा ए-४ कागद, दोन्ही बाजूंनी काळा आणि न चकाकणारा कार्डपेपर, एक मध्यम करड्या रंगाचा कागद, कंपास, गुण्या, स्टीलची पट्टी, धारदार कटर, कापण्यासाठी खाली घ्यायचा जाड पुठ्ठा आणि कोरडी गोंदकांडी एवढे साहित्य लागते. बाटलीतला पातळ गोंद घेऊ नये. त्याने कागद फुगतो, सुरकुततो आणि सुरकुतीची सावली नेमकी मधल्या जागेत पडते. चकाकणारा काळा कागदही टाळावा, कारण ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले की चकतीचा अर्धा भाग करडा दिसतो.

मुख्य कार्डासाठी चौकोनाची बाजू ८ सेंमी आणि चकतीची त्रिज्या २ सेंमी ठेवावी. ही मापे सोयीची म्हणून घेतलेली नाहीत. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर दोन टोकांना दोन चकत्यांच्या खाचांची खरी कड असते, म्हणजे २ अधिक २ असे ४ सेंमी. मधले ४ सेंमी पूर्ण कोरे असतात. बाजूच्या एकूण लांबीपैकी किती भाग खऱ्या कडेने भरलेला आहे, या प्रमाणाला येथे आधार-गुणोत्तर म्हणू. आपल्या कार्डात ते ४ भागिले ८, म्हणजे ०.५० येते. टी. शिप्ली आणि फिलिप केलमन यांनी १९९२ मध्ये दाखवले की भासमान कड किती स्पष्ट दिसते हे प्रामुख्याने या गुणोत्तरावर अवलंबून असते. गुणोत्तर वाढले की स्पष्टताही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढत जाते. त्यामुळे “चकत्या मोठ्या घ्या” किंवा “चकत्या जवळ आणा” असे मोघम सांगण्यापेक्षा हे गुणोत्तर लिहून ठेवणे केव्हाही चांगले.

ज्यांना त्रिकोणच करायचा आहे त्यांनी खाच ६० अंशांची ठेवावी. बाजू ८ सेंमी असल्यास त्रिकोणाची उंची सुमारे ६.९ सेंमी येते. बाकी सर्व टप्पे तेच राहतात.

टप्पा २: साचा आधी, चकत्या नंतर

बहुतेक जण पांढऱ्या कागदावर पेन्सिलने चौकोन आखतात, त्याच्या कोपऱ्यांवर चकत्या चिकटवतात आणि शेवटी रेघा खोडतात. हीच पहिली चूक. खोडरबराने ग्रॅफाइट निघते, पण कागदात दबलेली चर निघत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे चार पूर्ण चकत्या चिकटवून त्यांवर पांढऱ्या कागदाचा चौकोन कापून लावणे. तसे केल्यास चित्र हुबेहूब दिसते खरे, पण तिथे खराच चौकोन आहे आणि त्याला खऱ्या धारा आहेत. भासमान असे काहीच उरत नाही.

यावर उपाय साच्याचा. जाड पुठ्ठ्यातून नेमका ८ सेंमी बाजूचा चौकोन कापावा. त्याचे चारही कोन गुण्याने तपासावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सुमारे ११.३ सेंमी आणि एकमेकांशी समान यायला हवेत. कर्णांत दोन मिलिमीटरांचा जरी फरक असला तरी साचा टाकून नवा कापावा. पुढची सगळी कार्डे या एका तुकड्यावर उभी राहणार आहेत, तेव्हा इथे घाई करू नये.

आता चकत्या. काळ्या कार्डपेपरवर कंपासने २ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि केंद्रापासून काटकोनात दोन त्रिज्या आखाव्यात. मात्र वर्तुळ आधी कापू नये. अखंड कागद हाताखाली घट्ट राहतो, सुटी चकती कटरखाली सरकते. म्हणून चतकोर खाच आधी कापावी आणि गोलाई नंतर. कटर केंद्रावर टेकवून बाहेरच्या दिशेने ओढावा, म्हणजे खाचेचा कोपरा पुढे चिरत नाही. खाचेची कड जिथे गोलाईला मिळते ती दोन टोके विशेष जपावीत. भासमान कड तिथूनच सुरू होते, आणि ती टोके कात्रीने गोलसर झाली की परिणाम लक्षात येण्याइतका मंदावतो.

कोऱ्या कागदावर साचा ठेवावा. प्रत्येक चकतीच्या मागे, खाचेच्या कडांपासून थोडे दूर, गोंदकांडी फिरवावी आणि साच्याचा कोपरा खाचेत चपखल बसेल अशी चकती सरकवून दाबावी. चारही चकत्या बसल्यावर साचा सरळ वर उचलावा, ओढू नये. कागदावर एकही रेघ न काढता खाचांच्या कडा एका ओळीत आलेल्या असतात.

तपासणी: साचा उचलण्यापूर्वी खाच आणि साचा यांच्यामध्ये कुठे काळी-पांढरी फट दिसते का ते पाहावे. फट दिसल्यास त्या चकतीचा कोन चुकला आहे. चकती वाकडी करून ती फट झाकण्याचा प्रयत्न करू नये, चकतीच बदलावी.

सावधान: चकत्या भरीव काळ्या असाव्यात. काळ्या पेनाने चकतीची बाह्यरेषा काढून, खाचेभोवतीही रेघ फिरवून आतला भाग कोरा ठेवला, तर चार पूर्ण, बंद आकृत्या तयार होतात. त्यांना मग आणखी कशाने झाकलेले असण्याची गरज उरत नाही, आणि चौकोन जवळजवळ नाहीसा होतो.

टप्पा ३: छिद्र-तपासणी

ही तपासणी वगळून पुढे जाऊ नये. काळ्या कार्डपेपरच्या एका मोठ्या तुकड्यात ५ मिमी व्यासाचे छिद्र पाडावे. तो तुकडा तयार कार्डावर असा ठेवावा की छिद्र भासमान कडेच्या बरोबर मध्यावर येईल आणि एकही चकती दिसणार नाही. छिद्रातून फक्त कोरा पांढरा कागद दिसला पाहिजे. चकत्या झाकल्या गेल्या की भासमान कडेला आधारच राहत नाही, त्यामुळे ती दिसत नाही. छिद्रातून जर काही रेघ, छटा किंवा धार दिसली, तर ती खरीच तिथे आहे. चारही बाजूंवर, प्रत्येक बाजूच्या दोन-तीन जागी हे करावे.

यानंतर कार्ड खिडकीशी न्यावे आणि उजेड कागदाला जवळजवळ समांतर, कडेने येईल असे तिरके धरावे. माझ्या पहिल्या संचाच्या वेळी मी हे केले नव्हते. सातवीतल्या एका मुलीने कार्ड हातात घेतले, बोटाचे टोक दोन चकत्यांच्या मधून हळूच फिरवले आणि म्हणाली, “बाई, इथे रेघ आहे की.” डोळ्यांना ती रेघ समोरून दिसत नव्हती, पण तिरक्या उजेडात पेन्सिलच्या दाबाची बारीक चर स्वच्छ दिसली. त्या दिवसापर्यंत त्या कार्डावर घेतलेली सगळी उत्तरे मला बाजूला ठेवावी लागली. बोट फिरवून पाहणे तेव्हापासून माझ्या तपासणीत कायमचे आले आहे.

पुष्कळ कार्डे हवी असल्यास मूळ कार्डाची झेरॉक्स काढता येते, आणि त्यात चकत्यांची जाडीही जाते. मात्र झेरॉक्समध्ये चिकटवलेल्या कागदाच्या धारेची फिकट करडी रेघ उमटू शकते, म्हणून प्रतींवरही छिद्र-तपासणी करावी आणि चौकोनाची बाजू पट्टीने पुन्हा मोजावी. यंत्राने प्रत लहान केली तर आधार-गुणोत्तर तेच राहते, कारण सगळेच त्या प्रमाणात लहान होते. पण डोळ्यापाशी होणारा कोन बदलतो, आणि टप्पा ५ मधले अंतर त्या कार्डाला लागू पडत नाही.

टप्पा ४: तुलनेची कार्डे

एकट्या मुख्य कार्डाला पुराव्याची किंमत नाही. खालील संचात प्रत्येक कार्ड मुख्य कार्डापासून फक्त एका बाबतीत वेगळे आहे. कार्डांची अक्षरे मागच्या बाजूला लिहावीत, पुढे नाही.

क. मुख्य कार्ड. बाजू ८ सेंमी, त्रिज्या २ सेंमी, खाचा आत.

ख. चार पूर्ण चकत्या, खाच नाही. हे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे कार्ड आहे. चौकोनी मांडणी ओळखता येते, कड दिसत नाही.

ग. क मधल्याच चकत्या, पण प्रत्येक चकती आपल्या केंद्राभोवती अर्धा फेरा फिरवून खाचा बाहेर केलेल्या. काळा रंग तेवढाच, खाचा तेवढ्याच, कोनही तेच. कड मात्र नाही.

घ. त्रिज्या १ सेंमी, बाकी सर्व क प्रमाणे. आधार-गुणोत्तर ०.२५.

च. त्रिज्या ३ सेंमी, बाकी सर्व क प्रमाणे. आधार-गुणोत्तर ०.७५. चकत्यांमध्ये येथे केवळ २ सेंमी जागा उरते.

छ. चकत्यांऐवजी काळी अधिक चिन्हे.

ज. करड्या कागदावर दोन काळ्या आणि दोन पांढऱ्या चकत्या.

ख आणि ग या कार्डांत साचा वापरता येत नाही. त्यासाठी क कार्ड खिडकीच्या काचेवर लावून त्यावर नवा कागद धरावा; खाचांचे कोपरे खालून दिसतात आणि त्यांवर चकत्यांची केंद्रे बसवता येतात. घ आणि च साच्यावरच करावीत.

छ हे कार्ड करायला किचकट आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण ते सोडून देतात. मला मात्र संपूर्ण संचात ते सर्वांत मोलाचे वाटते. अधिक चिन्हाच्या भुजांची रुंदी १.५ सेंमी आणि प्रत्येक भुजेची मधल्या चौकोनी भागापासून लांबी २ सेंमी ठेवावी, म्हणजे चिन्ह ५.५ सेंमी लांब-रुंद होते. प्रत्येक चिन्हाच्या दोन भुजांमधला, आतल्या बाजूचा कोपरा साच्याच्या कोपऱ्याला भिडवावा. आता साच्याच्या प्रत्येक बाजूवर दोन्ही टोकांना २-२ सेंमी खरी कड आहे, ती अगदी एका रेषेत आहे आणि आधार-गुणोत्तर क प्रमाणेच ०.५० आहे. तरीही चौकोन फारच क्षीण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. कारण असे की अधिक चिन्ह स्वतःच पूर्ण आणि सममित आकृती आहे, तर चतकोर गमावलेली चकती अपुरी दिसते. कडा एका ओळीत असणे आवश्यक आहे पण पुरेसे नाही, हे कानिझा यांनी अशाच चिन्हांनी दाखवले होते, आणि क व छ शेजारी ठेवल्यावर ते पाहणाऱ्याला न समजावता कळते.

ज कार्डात एकाच रंगाच्या चकत्या कर्णाच्या दोन टोकांना याव्यात, म्हणजे चौकोनाची प्रत्येक बाजू एका काळ्या आणि एका पांढऱ्या चकतीमधून जाते. काळ्या चकत्यांमुळे मधला भाग उजळ भासतो आणि पांढऱ्यांमुळे गडद. येथे दोन्ही परिणाम एकमेकांना मारतात. उजळपणा जातो, कड मात्र पुष्कळांना दिसत राहते. “मधला भाग जास्त पांढरा दिसतो” एवढ्यावरून भासमान कड दिसली असे मानणाऱ्यांची चूक या कार्डाने उघड होते: कड आणि उजळपणा बहुधा बरोबर येतात, तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नोंदही वेगळी करायला हवी.

तपासणी: सातही कार्डे भिंतीला टेकवून ओळीने मांडावीत आणि तीन पावले मागे जावे. घ, क, च या क्रमाने चौकोन ठसठशीत होत गेला पाहिजे. तसा तो होत नसेल तर खाचांची जुळणी पुन्हा पाहावी.

टप्पा ५: जागा, उजेड आणि अंतर

खोलीत सर्वत्र सारखा उजेड असावा. कार्ड डोळ्यांच्या उंचीवर, उभे आणि सपाट लावावे. पाहणाऱ्याचे अंतर ११४ सेंमी ठेवावे. या अंतरावरून ८ सेंमीचा चौकोन डोळ्यापाशी सुमारे ४ अंशांचा कोन करतो. निम्म्या अंतरावर, म्हणजे ५७ सेंमीवर, १ सेंमी म्हणजे सुमारे १ अंश असा सोपा हिशेब असतो, आणि तिथे हाच चौकोन ८ अंशांचा होतो. आकृती डोळ्यापाशी फार मोठी झाली की गुणोत्तर तेच असूनही भासमान कड विरळ होऊ लागते. कार्ड हातात देऊन नाकाशी धरू दिले की मुलांना “काहीच दिसत नाही”, त्यामागे हे एक कारण असते. अंतर राखण्यासाठी ११४ सेंमीची सुतळी खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवावी. दर वेळी पट्टी लावावी लागत नाही.

नजर चौकोनाच्या मध्यावर ठेवायला सांगावे. जिथे कड दिसते त्याच जागेवर डोळे रोखून बसले की ती सुटल्यासारखी, पातळ झाल्यासारखी वाटते, आणि पाहणारा आपले आधीचे उत्तर बदलतो.

टप्पा ६: प्रश्न आणि त्यांचा क्रम

चूक होण्याची सर्वांत अधिक शक्यता येथे असते, कारण येथे चूक बोलण्यातून होते आणि ती कुठेही उमटून राहत नाही. “चौकोन” हा शब्द पाहणाऱ्याने उच्चारण्यापूर्वी प्रयोग घेणाऱ्याने उच्चारू नये. कार्डांना “चौकोनाची कार्डे” म्हणू नये, शेजारी उभ्या असलेल्या मित्राने “तो बघ मध्ये!” म्हणू नये. एका वेळी एकच जण खोलीत असावा.

आधी मापाची दोन टोके दाखवावीत. एका कागदावर पेन्सिलने अगदी फिकट पण स्पष्ट कळेल असा खरा चौकोन काढलेला असावा आणि “कोऱ्या जागेतली कड इतकी स्पष्ट दिसली तर १०” असे सांगावे. दुसरा कागद पूर्ण कोरा दाखवून “काहीच कड नसेल तर ०” असे सांगावे. आकाराचे नाव येथे निघू नये म्हणून मी या कामासाठी चौकोनाऐवजी एकच फिकट उभी रेघ काढते, आणि तेच बरे पडते.

मग कार्डे पत्त्यांसारखी पिसून घ्यावीत आणि प्रत्येक पाहणाऱ्यासाठी नव्याने पिसावीत. मुख्य कार्ड नेहमी पहिले दाखवले तर पुढच्या प्रत्येक कार्डावर पाहणारा चौकोन शोधत राहतो. प्रत्येक कार्ड पाच सेकंद दाखवून झाकावे आणि पुढील चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला: “कागदावर काय काय दिसले ते सांगा.” उत्तर शब्दशः लिहावे. “चार चकत्या आणि त्यांवर पांढरा चौकोन” आणि “चार कापलेल्या चकत्या, चौकोनात मांडलेल्या” ही दोन उत्तरे वरवर सारखी वाटली तरी त्यांत आपल्या प्रयोगाचे सारे मर्म आहे.

दुसरा: “काळ्या आकृत्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत कुठे कड दिसली का? असल्यास ० ते १० मध्ये किती स्पष्ट?”

तिसरा: “काळ्या आकृत्या तुटलेल्या वाटल्या, की पूर्ण असून कशाखाली तरी गेलेल्या वाटल्या?” ज कार्डासाठी “काळ्या-पांढऱ्या आकृत्या” म्हणावे.

चौथा: “मधला भाग आणि बाहेरचा कागद सारखेच उजळ होते का?”

सावधान: उत्तर ऐकून “बरोबर” म्हणू नये, मान डोलावू नये, पुन्हा विचारूही नये. दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न म्हणजे पहिले उत्तर चुकले असा इशाराच असतो, आणि लहान मुले तो तत्काळ ओळखतात. ज्याला कड दिसत नाही त्याचे शून्य हेही तेवढेच मौल्यवान निरीक्षण आहे.

टप्पा ७: नोंदी आणि आकडे

प्रत्येक पाहणाऱ्यासाठी एक ओळ आणि प्रत्येक कार्डासाठी एक रकाना असा तक्ता करावा. कार्डे कोणत्या क्रमाने दाखवली तेही लिहावे. सर्वांचे क कार्डाचे गुण एकत्र करून सरासरी काढण्याची घाई करू नये. एकाचे ६ आणि दुसऱ्याचे ६ यांचा अर्थ सारखाच असतो असे धरता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक व्यक्तीसाठी क मधून ग चे गुण वजा करावेत, क मधून छ चे वजा करावेत, आणि मग या वजाबाक्यांकडे पाहावे. घ, क, च यांचे गुण प्रत्येक व्यक्तीसाठी चढत्या क्रमाने आहेत का हेही मोजावे. एखाद्याने ख कार्डालाही ७ गुण दिले असतील, तर त्याने बहुधा कडेऐवजी मांडणीला गुण दिले आहेत. अशी ओळ तक्त्यातून काढू नये, तिच्याजवळ खूण करून ठेवावी.

टप्पा ८: संगणकावर करणाऱ्यांसाठी

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात गुण मागण्याऐवजी बरोबर-चूक मोजता येईल असे कामही देता येते. डारिओ रिंगाक आणि रॉबर्ट शॅप्ली यांनी १९९६ मध्ये वापरलेल्या कामाचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक चकती आपल्या केंद्राभोवती काही अंश फिरवायची. वरची डावी आणि खालची उजवी घड्याळाच्या दिशेने, उरलेल्या दोन उलट दिशेने फिरवल्या की चौकोनाच्या उभ्या बाजू बाहेर फुगतात आणि तो रुंद दिसतो. सगळ्या दिशा उलट केल्या की तो मधोमध चिंचोळा होतो. आकृती क्षणभर दाखवून “रुंद की चिंचोळा?” एवढेच विचारायचे आणि फिरवण्याचा कोन कमी करत न्यायचा. येथे पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीला किंवा भिडेला वाव राहत नाही. तुलनेसाठी चारही खाचा एकाच दिशेला वळवून तेवढ्याच कोनाने कललेल्या चकत्या दाखवाव्यात आणि कल कोणत्या बाजूला आहे ते विचारावे.

सावधान: संगणकावर चार पूर्ण चकत्यांवर पांढरा चौकोन ठेवून आकृती करणे सोयीचे असते, आणि पडद्यावर त्याला कागदाची धार नसते हेही खरे. परंतु पुष्कळ प्रणाल्या नव्या आकृतीला आपोआप बारीक रंगीत किनार देतात, आणि पार्श्वभूमी पूर्ण पांढरी नसून किंचित पिवळसर किंवा करडी असते. किनार काढावी, चौकोन आणि पार्श्वभूमी या दोन्ही पांढऱ्यांचे प्रणालीतले रंगाचे आकडे जुळवावेत, चित्र मोठे करून पाहावे आणि मगच छिद्र-तपासणी पडद्यावर करावी.

टप्पा ९: तक्त्यावरचे स्पष्टीकरण लिहिताना

“डोळे फसतात” हे वाक्य प्रदर्शनात लावायच्या तक्त्यावर लिहू नये. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर पडलेल्या प्रतिमेत चकत्यांच्या मधली जागा कोरीच असते आणि डोळे ती तशीच पुढे पाठवतात. कड पुढे, मेंदूत तयार होते. र्युडिगर फॉन डर हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये माकडांच्या मेंदूतील दृष्टीच्या दुसऱ्या क्षेत्रात, म्हणजे व्ही-२ मध्ये, अशा चेतापेशी नोंदवल्या की ज्या खऱ्या कडेप्रमाणे भासमान कडेलाही प्रतिसाद देत होत्या. तेव्हा “ही केवळ कल्पना आहे” असेही लिहू नये.

“आपल्याला चौकोन माहीत असतो म्हणून तो दिसतो” हे तिसरे चुकीचे वाक्य, आणि परीक्षकांसमोर हेच सर्वाधिक बोलले जाते. चौकोनाची माहिती ग कार्ड पाहतानाही असते आणि छ पाहतानाही असते, तरी तिथे कड दिसत नाही. हे उत्तर तुमच्याच संचात आहे, ते पुढे करावे. शिवाय मांजरे, गव्हाणी घुबडे आणि मधमाश्या यांच्यावरील प्रयोगांतही भासमान कडांना प्रतिसाद आढळला आहे. लिहायचेच असेल तर असे लिहावे: अपुऱ्या दिसणाऱ्या आकृत्या आणि एका ओळीत येणाऱ्या कडा एकत्र आल्या की मेंदू त्यांचा अर्थ “पुढे एक अपारदर्शक पृष्ठभाग आहे आणि मागच्या वस्तू त्याने झाकल्या आहेत” असा लावतो, आणि त्या पृष्ठभागाला लागणारी कड दाखवतो.

प्रश्नोत्तरे पूर्ण झाल्यावर, आणि त्यापूर्वी नव्हे, क कार्ड आणि छिद्राचा काळा कागद पाहणाऱ्याच्या हातात द्यावा. छिद्र कडेवर आणले की कोरा कागद, उचलले की पुन्हा कड, असे त्याने स्वतःच्या हाताने हवे तितक्या वेळा करून पाहावे.